शेंडा, पान, देठ

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी कमरेच्या वर आलेली असते. पहिली वेचणी चालू असते, तूर फुलोऱ्याच्या बेतात असते आणि बांधाला अंबाडी उभी असते. शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात काही वावरांत मक्याची धाटंही अजून कापायची राहिलेली असतात. एवढ्या हिरव्या गर्दीत गांजाचं झाड ओळखायचं तर आधी त्याच्यासारखी दिसणारी झाडं बाजूला काढता आली पाहिजेत.

त्यातली पहिली अंबाडी. तिचं पान पंजासारखं फाटलेलं आणि कडेला दातेरी. लिनिअसनं 1759 साली अंबाडीला शास्त्रीय नाव देताना त्यात ‘कॅनाबिनस’, म्हणजे गांजाच्या झाडासारखं, घातलं ते या साम्यामुळंच. पण अंबाडीचं पान फाटलं तरी बुडाशी एकच राहतं. गांजाच्या पानाची बोटं पार देठापर्यंत सुटी असतात. अंबाडीच्या खोडावरून हात फिरवला तर बारीक काटे लागतात, आणि फूल आलं की शंकाच उरत नाही, कारण ते मोठं, पिवळं आणि मधे गडद लाल असतं. गांजाचं फूल कुणाला फूल वाटतच नाही. एका गावातून तक्रार आली म्हणून पोलिसांची गाडी, तलाठी आणि मी असे एका वावरात पोचलो, तेव्हा शेतकऱ्याची म्हातारी आई बांधावर अंबाडीची भाजी खुडत बसली होती. तक्रार त्याच अंबाडीबद्दल होती. मी पान दाखवलं, खोडावरून त्यांना हात फिरवायला लावला आणि तसं लिहून दिलं. म्हातारीला शेवटपर्यंत कळलं नाही की एवढी माणसं तिच्या भाजीसाठी का आली.

मी या भागात कृषी सहाय्यक म्हणून आले आणि पुढं मंडळ कृषी अधिकारी झाले. बोंडअळीचे कामगंध सापळे, मातीचे नमुने, बियाण्यांच्या तक्रारी आणि पीक नुकसानीचे पंचनामे ही माझी कामं. छापा हा त्यातला भाग नव्हता. पण 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात 47 वं कलम आहे. बेकायदा गांजाचं पीक नजरेला आलं तर प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्यानं आणि गावच्या पंच-सरपंचांनी ते ताबडतोब कळवायचं, नाही कळवलं तर शिक्षा. शिवाय पोलिसांना पंच लागतात. गावचा माणूस पंच व्हायला तयार नसतो, त्याला उद्या त्याच गावात राहायचं असतं. म्हणून सरकारी कार्यालयांतून माणसं मागवली जातात, आणि झाड ओळखणारा कुणी हवा असला की कृषी खात्याचं नाव निघतं. अशा रीतीनं हे काम माझ्याकडं आलं आणि बराच काळ राहिलं.

एक गोष्ट इथंच सांगते. या पट्ट्यात पावरा आणि भिल्ल कुटुंबं राहतात. ज्वारी, मका, कपाशी आणि तूर यांवर त्यांचं पोट चालतं. गांजाची बातमी छापून आली की गावाचं नाव येतं, पाड्याचं नाव येतं, आणि मग बाजारात त्या पाड्याच्या पोराकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतात. ज्या वावरांत मला हे झाड दिसलं ती मोजकीच होती. ज्यांत मला चांगला मका आणि स्वच्छ कापूस दिसला, त्यांची बातमी कुणी छापली नाही.

माझं शिक्षण पीक पैदाशीचं आहे. त्यामुळं लपवलेल्या तुकड्यात शिरल्यावर पोलिसांना गुन्हा दिसतो तिथं मला आधी पिकाचा वाण दिसतो. कपाशीच्या संकरित बियाण्याच्या ओळी एकसारख्या असतात, एक झाड बघितलं की सगळी बघितल्यासारखी. या झाडांत तसं नव्हतं. शेजारशेजारची दोन झाडं उंचीला, फांद्यांना, पानांच्या बोटांच्या जाडीला आणि वासालाही वेगळी असायची. एकाला आंब्याच्या कोवळ्या पानासारखा उग्र वास, दुसऱ्याला राळेचा. हे झाड परपरागीकरणाचं आहे, नर वेगळा आणि मादी वेगळी. पराग वाऱ्यावर जातो, आणि चांगला दूरवर जातो. प्रत्येक बीमध्ये दोन वेगळ्या झाडांचं रक्त. बी घरचं ठेवत गेलं की पिढीगणिक अशी सरमिसळ होत राहते.

पण सरमिसळीतही निवड चाललेलीच असते, माणसानं ठरवली नाही तरी. उंच झाड कपाशीच्या वर डोकं काढतं. ते रस्त्यावरून दिसतं, म्हणून मालक ते आधीच उपटून टाकतो किंवा कुणीतरी बघून खबर देतो. त्याचं बी पुढं जात नाही. बुटकं, पसरट, तुरीच्या आडोशाला मावणारं झाड पिकेपर्यंत टिकतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचंच बी मातीत पडतं. पैदासकार शेकडो झाडांतून हवं ते झाड निवडतो, इथं ते काम भीतीनं केलं होतं. एकाच भागातल्या वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांत मला झाडांचा बांधा ठेंगणा होत गेलेला दिसला, आणि माझ्या मनानं त्याचा लावलेला अर्थ हा असा.

बीसुद्धा बोलतं. रानटी भांगेचं बी बारीक असतं, त्यावर चट्टे असतात, आणि पिकलं की ते झाडावरून आपोआप गळतं. पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या जातीचं बी ठसठशीत असतं आणि झाडाला धरून राहतं. या तुकड्यांतलं बी नेहमी दुसऱ्या प्रकारचं होतं. म्हणजे रानातून उचललेलं नव्हे, कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हाती आलेलं. आणि डोंगराच्या पलीकडं निमाड आहे हे विसरून चालत नाही. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात खंडव्याकडं परवान्यानं गांजा पिकत असे. तिकडं बंगालात नौगावची मोठी लागवड होती, तो भाग आज बांगलादेशात आहे. नौगावला नर झाड ओळखून काढून टाकणारा खास जाणकार असे, त्याला पोद्दार म्हणत. फुलोरा सुरू होताना तो वावरातून फिरायचा आणि नर वेगळे करायचा, कारण पराग पडला की मादीच्या शेंड्यात बी भरतं आणि राळ कमी होते. शेतकरी त्याला त्याचे पैसे देत. 1893-94 मध्ये सरकारनं नेमलेल्या भांग-गांजा आयोगानं हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. हजाराहून जास्त साक्षीदार तपासून त्या आयोगानं असं मत दिलं होतं की सरसकट बंदीची गरज नाही, परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवावं.

मी बघितलेल्या तुकड्यांत असा पोद्दार कधी फिरलेला दिसला नाही. शेंडे बीनं भरलेले असायचे. नर झाडं पराग सोडून वाळून उभी असायची, कुणी उपटलेली नसायची. याचा अर्थ मला सरळ होता. हे पीक लावणाऱ्याला या पिकाची विद्या नव्हती. त्याला बी कुणीतरी दिलं होतं, उचल दिली होती आणि सांगितलं होतं की मधल्या ओळींत टाक, आम्ही घेऊन जाऊ. ज्याला विद्या होती आणि बाजार ठाऊक होता तो वावरात नव्हता.

वावरात कोण सापडतं ते सांगते. बहुतेक वेळा सालदार सापडतो. त्यानं पाणी दिलेलं असतं, निंदणी केलेली असते. एखादा बटाईनं करणारा सापडतो. मालकाचं नाव सातबाऱ्यावर असतं, मालक तालुक्याला किंवा त्याहून लांब राहतो, आणि पीकपेऱ्यात कपाशी लिहिलेली असते. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो चढवतो, त्या फोटोतही कपाशीच असते, आणि ते खोटं नसतं, कारण वावरात कपाशी असतेच. वनजमीन असली तर सातबाराही नसतो. ती कसतो कोण हे सांगायला पाड्यातलं कुणी पुढं येत नाही. मग जो हजर असतो त्याचं नाव लिहिलं जातं.

एका सालदारानं मला विचारलं होतं, “ताई, मी पाणी सगळ्याच ओळींना दिलं. त्यांनी सांगितलं तेवढं केलं. मग झाड माझं कसं?” त्याचं वय तिशीच्या आत होतं. बायको कापूस वेचत होती, ओटीत कापूस तसाच घेऊन ती बांधावर उभी राहिली. त्याच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. लागवड कुणी केली हे सिद्ध व्हावं लागतं. पण ते उत्तर मिळतं कोर्टात, आणि कोर्ट येतं खूप नंतर.

लोक हे का करतात, यावर मी फार लिहिणार नाही. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं या जिल्ह्यांतली कपाशी कशी खाल्ली ते मी स्वतः सापळे मोजत पाहिलं आहे. बोंड फोडलं की आत अळी आणि पिवळा, चिकटलेला कापूस. त्या हंगामानंतर उचल देणारी माणसं गावोगाव हिंडली असं मला शेतकऱ्यांनीच सांगितलं. पण सगळे अडचणीतले होते असंही नाही. चांगलं बागायत असणाऱ्यांच्या वावरातही हे झाड निघालं आहे, आणि तिथं मला वाईट वाटलं नाही. गांजाच्या धुरानं शाळा सुटलेली पोरं मी आमच्याच वसाहतीत बघितली आहेत. हा माल पिकवून विकणारा माणूस सुटावा असं मला कधी वाटलेलं नाही.

मला जे सांगायचं आहे ते वजनाबद्दल आहे.

छापा पडतो तेव्हा बहुधा दुपार उलटलेली असते. झाडं उपटली जातात, कधी मुळांसकट. बांधावर ढीग लागतो. तोलायला गावातल्या किंवा जवळच्या बाजारातल्या धान्य व्यापाऱ्याचा काटा येतो, त्याच्याबरोबर तोलणारा माणूस येतो. ढिगातली झाडं गठ्ठे बांधून काट्यावर चढतात, आकडा बोलला जातो, लिहिला जातो. अंधार पडत असतो. डोंगराचा रस्ता वाईट, बिबट्याचं भय, शिपायांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसतं. सगळ्यांना घाई असते आणि ती घाई मला समजते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. गांजा म्हणजे या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांबरोबर नसतील तर पानं आणि बी गांजात मोजायची नाहीत. म्हणजे शेंड्यातली बारीक पानं शेंड्याबरोबर गेली तर जातात, पण खालच्या फांद्यांची मोठी पानं, देठ, बोटाएवढं जाड खोड, मुळं आणि मुळांना चिकटलेली काळी माती, यातलं काहीही गांजा नाही. आणि पुढं किलोचा हिशेब सुरू होतो. गांजा एक किलोपर्यंत असला तर ती अल्प मात्रा, वीस किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं सक्तमजुरी, कमाल वीस, आणि 37 व्या कलमामुळं जामीन मिळणं महाकठीण. नुसत्या लागवडीचा गुन्हा वेगळा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथं किलो विचारले जात नाहीत. पण लागवडीबरोबर व्यापारी मात्राही गुन्ह्यात लागली की माणूस वर्षानुवर्षं खटल्याआधीच आत राहतो.

ओल्या झाडात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. समजा मुळं-मातीसकट साठ किलोचा ढीग काट्यावर चढला. माती झाडली, मुळं आणि खोडं तोडली, तर निम्मं वजन सहज जातं. उरलेल्या तीस किलोंतून खालची पानं काढा. जे राहील ते सुकवा, म्हणजे पाच-सात किलोंच्या पुढं जाणं अवघड. मात्रांच्या तक्त्यात किलो लिहिले आहेत, पण झाड ओलं की सुकं ते तक्त्यात नाही. व्यापाऱ्याच्या गोदामात किंवा गाडीत जे सापडतं ते सुकलेलं असतं, नुसते शेंडे असतात. त्याच्या वीस किलोंत केवढं तरी रान मावतं. सालदाराचे वीस किलो दोन-चार ओळींत भरतात. एकाच आकड्यानं दोघांना मोजलं तर ज्याच्या हातात सुका माल आहे तो हलका ठरतो आणि ज्याच्या पायाखाली ओली झाडं आहेत तो जड ठरतो.

हे मी काट्याजवळ उभी राहून बोलले तेव्हा तोलणारे आप्पा सगळ्यांत आधी समजले. ते मिरचीच्या बाजारात तोलाई करून म्हातारे झालेले. म्हणाले, “मॅडम, ओली मिरची आनी सुकी मिरची एक भाव जास का? काटाले काय समजस, त्याले ओझं समजस.” अधिकारी आप्पांकडं बघून हसले, पण मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मॅडम, तुमचं म्हणणं काय आहे?”

माझं म्हणणं एवढंच होतं की वजनं वेगवेगळी घ्यावीत. आधी जसं उपटलं तसं, मातीसकट की माती झाडून ते लिहून. मग शेंडे कापून त्यांचं वजन. मग पानं. मग खोड, देठ आणि मुळं. आणि ओली आहेत हे स्पष्ट लिहायचं. फुलोरा आला आहे की नाही, तेही लिहायचं. एका तुकड्यात ऑगस्टमध्ये गुडघ्याएवढी रोपं सापडली होती, एकालाही फूल नव्हतं. फूलच नाही तर शेंडा कसला. तिथं लागवडीचा गुन्हा होता, निर्विवाद होता, पण गांजाचे किलो लिहायला जागाच नव्हती. पंचनाम्यात “फुलोरा नाही” हे दोन शब्द घालावेत म्हणून मी बराच वेळ थांबून राहिले होते. ते शेवटी घातले गेले.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. एका अधिकाऱ्यानं मला स्पष्ट विचारलं, “तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?” मी म्हटलं, “साहेब, मी झाडाच्या बाजूनं सांगते. झाडाचे भाग वेगळे आहेत, ते वेगळे लिहा.” दुसऱ्या एका ठिकाणी रात्र झाली म्हणून ढीग तसाच गाडीत भरला गेला आणि वजन पोलीस ठाण्यात घेतलं गेलं. मी पंचनाम्यावर तेवढंच लिहून सही केली, की वजन माझ्यासमोर शेतात झालेलं नाही. त्यानंतर बरेच दिवस त्या ठाण्यातून मला बोलावणं आलं नाही.

पण काहींनी ऐकलं, आणि त्यामागं नुसता चांगुलपणा नव्हता. त्यांना अनुभव होता. ज्या खटल्यात सगळं झाड एकत्र तोललं होतं तिथं बचावाचा वकील उभा राहून पहिला प्रश्न हाच विचारतो, की यातला शेंडा किती. त्याचं उत्तर कागदावर नसलं की खटला डळमळतो. मुंबई उच्च न्यायालयानंही शेंडे वेगळे न केलेल्या वजनाच्या मुद्द्यावर काही प्रकरणांत जामीन दिला आहे. म्हणजे घाईत केलेल्या तोलाईनं दोन्हीकडून नुकसान होतं. गरीब माणूस, ज्याच्याकडं वकील नाही, तो त्या मोठ्या आकड्याखाली आत राहतो. पैसेवाला, ज्याच्याकडं चांगला वकील आहे, तो त्याच आकड्याच्या भोकातून बाहेर पडतो. वजन नीट केलं तर पहिल्याला त्याच्या गुन्ह्याएवढीच शिक्षा होते आणि दुसऱ्याला पळायला वाट राहत नाही. मी हे अधिकाऱ्यांना समजावलं तेव्हा दयेपेक्षा हा हिशेबच त्यांना जास्त पटला, आणि मला त्यात वावगं वाटत नाही.

नमुन्यांचंही तसंच. पूर्वी 1989 च्या आदेशाप्रमाणं गांजाचे चोवीस-चोवीस ग्रॅमचे दोन नमुने जागेवरच काढायचे. आता 2022 च्या डिसेंबरपासूनच्या नियमांनी नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढावे लागतात. चांगला नियम आहे, पण तोवर ओली झाडं बारदानात बंद करून मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतात. ती तापतात, बुरशी येते, कुजतात. पानं, शेंडे आणि देठ यांचा लगदा झाल्यावर कुठल्याही तज्ज्ञाला त्यातला शेंडा किती हे सांगता येणार नाही. वेगळं करायची वेळ एकच, शेतात, झाड उपटल्यावर, उजेड असताना.

साक्षीला मी सत्र न्यायालयात उभी राहिले आहे. एका प्रकरणात शेंडे, पानं आणि देठ-मुळं अशी तीन वजनं पंचनाम्यात होती. शेंड्यांचा ओला आकडा वीसच्या खाली होता. सरकारी वकिलांनी मला विचारलं, की शेंडा कुठं संपतो आणि फांदी कुठं सुरू होते हे तुम्ही कशावरून ठरवलं. चांगला प्रश्न होता. मी सांगितलं, की फुलांचे गुच्छ जिथं एकमेकांना लागून येतात तिथून वर शेंडा, जिथं दोन पेऱ्यांमध्ये उघडं देठ दिसू लागतं तिथून खाली फांदी. बचावाच्या वकिलांनी मग विचारलं, की आरोपी हाच लावणारा होता हे तुम्ही सांगू शकता का. मी नाही म्हटलं. झाडाबद्दल मला सांगता येत होतं, माणसाबद्दल नाही. न्यायाधीशांनी दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली. त्या माणसाला लागवडीत शिक्षा झाली, व्यापारी मात्रेत नाही. तो निर्दोष नव्हता. त्याला जेवढं केलं तेवढं भोगावं लागलं, आणि तो मुलगी दहावीला जाईपर्यंत घरी आला. मालकाचं नाव दोषारोपपत्रात नव्हतंच.

बियाण्याचं दुःख मात्र माझं एकटीचं आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर मुद्देमाल जाळला जातो, त्यात बीही जळतं. पैदासकाराला हे बघवत नाही. ज्या झाडानं आपल्याकडं दोरही दिला आणि तेलही दिलं, त्याचे स्थानिक वाण नोंद न होता संपत आहेत. कायद्याच्या 10 व्या आणि 14 व्या कलमांत राज्यानं परवाना देण्याची वाट ठेवलेली आहे. उत्तराखंडनं 2018 मध्ये त्या वाटेनं कमी नशेच्या भांगेला, म्हणजे नशेचा घटक 0.3 टक्क्यांपर्यंत असलेल्या, परवाना दिला. 2021 मध्ये भांगेच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता मिळाली. कुमाऊँ-गढवालच्या घरांत त्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जातच होती. आणि तो 0.3 चा आकडाही मजेशीर आहे. अर्नेस्ट स्मॉल या कॅनडाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं आर्थर क्रॉनक्विस्टबरोबर 1976 मध्ये झाडांचं वर्गीकरण करताना तो सोयीसाठी धरला होता. पुढं कित्येक देशांच्या कायद्यांनी तोच उचलला. जप्त बियाण्यातले थोडे दाणे जाळण्याआधी परवान्याच्या संस्थेकडं जतनाला जावेत म्हणून मी कार्यालयामार्फत पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहीन.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मंडळातल्या नव्या कृषी सहाय्यकांना एक दिवस बसवलं. टेबलावर अंबाडी, भेंडी आणि तुरीची डहाळी ठेवली, आणि गांजाच्या झाडाची छापील चित्रं. पानाचा फरक हातानं दाखवला. मग कोऱ्या पंचनाम्याच्या प्रती दिल्या आणि वजनाच्या चार ओळी आखून घेतल्या: जसं उपटलं तसं, शेंडे, पानं, खोड-देठ-मुळं. खाली एक ओळ, ओलं की सुकं, आणि दुसरी, फुलोरा आहे की नाही. एका मुलानं विचारलं, “मॅडम, चार वेळा तोलायचं म्हणजे रात्र होईल. साहेब थांबतील का?”

थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून त्याला सांगितलं, की निरोप आला की निघताना गाडीत दोन धारदार विळे, सुतळी आणि पाच-सहा रिकामी बारदानं टाकून घे. झाडं उपटायला सुरुवात झाली की लगेच शेंडे कापायला बस, काटा यायची वाट बघू नकोस. काटा येईपर्यंत तुझे ढीग वेगळे झालेले असतील, मग तोलायला कुणाचीच ना राहत नाही.